दोरी आपली, मोजणी आपली

(मोजणी शिबिरात युवा गटाच्या वतीने केलेले भाषण. पाड्यापाड्यांवर वाचून दाखवता यावे म्हणून लिहून काढले आहे.)



आज सकाळपासून कायद्याचं बोलणं झालं. दावा कसा भरायचा, अर्ज कुठला, सही कुणाची, ते ऐकलंत. आता आम्ही वेगळ्याच कामाबद्दल बोलणार आहोत. तुमच्यासमोर हा अंबाडीचा वाख ठेवलाय आणि बाजूला लाकडाचे ढेरे ठेवलेत. हे बघून काही जण हसले. एकाने विचारलं, "जमिनीची लढाई लढायला बोलावलं की बाज विणायला?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी उत्तर देतो, मग कातायला बसू.

वनहक्काचा कायदा २००६ सालचा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी जंगलजमीन आदिवासी कसत आहे, त्या जमिनीवर त्याचा हक्क मान्य करायचा, असं हा कायदा म्हणतो. पण किती जमीन? जेवढी प्रत्यक्ष ताब्यात आहे तेवढीच, आणि जास्तीत जास्त चार हेक्टर. म्हणजे साधारण नऊ एकर पस्तीस गुंठे. आपल्यापैकी बहुतेकांची जमीन चार हेक्टरपेक्षा पुष्कळ कमी आहे. तेव्हा आपला सगळा हक्क एका आकड्यावर येऊन थांबतो. दाव्याच्या कागदावर जमीन किती, हा तो आकडा.

हा आकडा कोण काढतं? काही पाड्यांवर काय चाललंय ते तुम्ही पाहिलंय. बाहेरचा माणूस येतो, बांधावर उभा राहतो, नजर फिरवतो आणि म्हणतो, "एक एकर लिहा." शेत टेकडीच्या मागे उतरून नाल्यापर्यंत गेलेलं असतं, ते त्याला दिसतही नाही. मालक म्हणतो, "साहेब, जास्त आहे." साहेब विचारतो, "किती?" इथे आपण गप्प होतो. दोन पायली पेरणी आहे हे आपल्याला माहीत असतं. किती दिवसांची नांगरट आहे हेही माहीत असतं. पण गुंठ्यात सांगता येत नाही. आणि कागदाला गुंठाच कळतो.

कायद्यात पहिली पडताळणी ग्रामसभेच्या वनहक्क समितीने करायची आहे. जागेवर जाऊन बघायचं, खुणा लिहायच्या, नकाशा काढायचा. हे काम आपल्या समितीचं आहे, मग मोजायचं साधनही आपल्या हातात पाहिजे. म्हणून दोरी. तेहतीस फुटांची दोरी. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांचीच असायची, म्हणून हिशोब सोपा आहे. दोरी लांबीला किती वेळा पडली, रुंदीला किती वेळा पडली, दोन्हींचा गुणाकार केला की गुंठे आले.

आता कुणी म्हणेल, धडगावच्या बाजारात नायलॉनची दोरी मिळते, ती आणा. आम्हीही आधी तोच विचार केला होता. पण नायलॉनची दोरी ओढली की रबरासारखी लांबते, सोडली की आत येते. दोन जणांनी जोर लावून ओढली तर एक माप, दोन पोरांनी ओढली तर दुसरं. दुसरी गोष्ट अशी की एका दोरीने भागत नाही. प्रत्येक पाड्याला एक हवी, नाहीतर मोजणीची वाट बघण्यातच होळी येईल आणि माणसं गुजरातेत ऊसतोडीला निघून जातील. आणि अंबाडी तर आपल्या शेताच्या कडेला उभी आहे. भाजी तिची खातो, फुलांची चटणी करतो, बी कुटतो, आणि वाखाची बाज विणतो. म्हणजे विणत होतो. आता किती घरांत नवी बाज विणली जाते ते आपापल्या मनाशी मोजा. आमच्या वयाच्या पोरांपैकी बहुतेकांनी ढेरा हातात धरलेलाच नव्हता. शाळेत काहींनी टकळीवर कापसाचं सूत काढलं असेल, पण ते तासापुरतं. गांधीजींनी चरखा स्वराज्याला जोडला, कारण कापड बाहेरून आलं की गावचा पैसा बाहेर जातो. आपलं सूत जाड आहे आणि काम लहान आहे. पण मुद्दा त्याच घरातला आहे. जे आपल्याला रोज लागतं ते करायची कला हातातून गेली की त्याचा भाव दुसरा ठरवतो. मोजणीचंही तसंच.

आता काम सांगतो. आमच्या गटाला हे चार म्हाताऱ्या माणसांनी शिकवलं. चुकलं तर ती माणसं समोर बसलीत, ती थांबवतील.

पहिलं वाख. अंबाडी फुलावर असताना कापली तर वाख मऊ आणि चिवट निघतो. बी धरेपर्यंत ठेवली तर वाख जाडाभरडा होतो. पण बी घरात लागतं. म्हणून बांधावरची एक बाजू बियाला सोडायची, एक बाजू वाखाला कापायची. कापलेल्या काड्यांच्या पेंढ्या बांधून पाण्यात बुडवायच्या, वर दगड ठेवायचे. पाणी कोमट असेल तर लवकर कुजतं, थंडीत जास्त दिवस लागतात. दहा दिवसांनंतर रोज एक काडी काढून बघायची. बोटाने साल सुटली की झालं. आधी काढलं तर साल काडीला चिकटून राहते. जास्त ठेवलं तर तंतूच सडतो, मग तो वाख ओढल्यावर तुटणार. आणि एक सांगणं, पिण्याच्या झऱ्यावर किंवा मासे असतील त्या डोहात पेंढ्या टाकू नका. पाणी काळं होतं, वास मारतं, मासे मरतात. वेगळा खड्डा करा.

साल काढून धुवायची, आपटायची, उन्हात वाळवायची. वाळल्यावर बोटांनी विंचरायची. गुंता, सालीचे तुकडे, काड्या काढून टाकायच्या. याला वेळ द्या. नवशिक्याला घाई असते, त्याला लगेच ढेरा फिरवायचा असतो. पण न विंचरलेल्या वाखाची सुतळी कितीही जपून काता, गाठाळच होते.

दुसरं कातणं. ढेरा म्हणजे लाकडाची फुली आणि मध्ये उभी काठी. काठीच्या टोकाला खाच. वाखाचा एक झुपका खांबाला बांधा किंवा खांद्यावर टाका. त्यातून थोडे तंतू ओढून बोटांनी पीळ द्या, वीतभर सुतळी करा आणि ती ढेऱ्याला बांधून खाचेतून वर घ्या. मग ढेरा फिरवा. एका हाताने फिरवायचं, दुसऱ्या हाताने तंतू सोडत राहायचं. लांबी झाली की ढेऱ्याच्या फुलीवर गुंडाळायची आणि पुढे चालू.

सांगायला एवढंच आहे. करायला बसलं की तीन गोष्टी अडतात.

एक, जाड-बारीक. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो. जिथे तंतू कमी, तिथे पीळ गच्च बसतो. जिथे तंतू जास्त, तिथे पीळ पोचतच नाही, ती जागा पोकळ राहते. बघणाऱ्याला जाड जागा मजबूत वाटते, पण दोरी ओढली की तीच जागा सुटते. म्हणून तंतू सोडणाऱ्या हाताकडे लक्ष ठेवा, फिरणाऱ्या ढेऱ्याकडे नको. ढेरा आपोआप फिरतो. दर वेळी तेवढेच तंतू सोडायचे, ही खरी शिकायची गोष्ट आहे. पहिल्या रात्री कुणालाच जमत नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री बोटांनाच कळायला लागतं.

दोन, पीळ कमी-जास्त. पीळ कमी असेल तर सुतळी ताणल्यावर तंतू एकमेकांवरून सरकतात, सुतळी लांबते आणि मग सुटते. पीळ जास्त झाला तर सुतळी ढिली सोडताच स्वतःभोवती वेटोळी घेते, आणि ओढली की तटकन तुटते. पारख अशी करा. हातभर सुतळी दुमडून दोन्ही टोकं जवळ आणा. ती आपल्या आपण एकमेकीवर सारखी वळली तर पीळ बरोबर. नुसतीच लोंबली तर कमी. गाठोडं झालं तर जास्त.

तीन, जोड. झुपका संपला की नवा लावताना गाठ मारू नका. गाठ जाड होते आणि तिथे दोरी घासते. जुन्या तंतूंची टोकं निमुळती ठेवा, नवे तंतू त्यात वीतभर मिसळा आणि दोन्हींना मिळून पीळ द्या. दोन जोड एका जागी येऊ देऊ नका.

ज्यांच्याकडे ढेरा नाही त्यांनी मांडीवर वळावं. दोन पदर मांडीवर शेजारी ठेवायचे, तळहाताने पुढे लोटायचे. दोघांना आपापला पीळ बसतो. मग तळहात मागे घ्यायचा, दोघे एकमेकांवर उलटे चढतात. आपल्या आज्या गप्पा मारता मारता हे करतात, बघतसुद्धा नाहीत.

तिसरं दोरी. तीन सुतळ्या घ्या. सुतळी ज्या बाजूला पिळली, दोरी त्याच्या उलट बाजूला पिळायची. हे विसरायचं नाही. एकाच बाजूला पिळली तर हात सोडताच सगळं उलगडतं. उलट पिळली की सुतळीचा पीळ एकीकडे ओढतो, दोरीचा दुसरीकडे, आणि दोघांच्या ओढाताणीत दोरी जागच्या जागी राहते. प्रत्येक सुतळी तीस हात धरा, म्हणजे पंचेचाळीस फूट. पिळात बरीच लांबी खाल्ली जाते आणि दोन्ही टोकांना फास घ्यायचे असतात.

दोरी झाली म्हणजे माप झालं असं नाही. नवी दोरी ताणली की लांबते आणि भिजली की आखडते. म्हणून तिला आधी भिजवा, दोन झाडांमध्ये ताणून बांधा, मध्ये दगड लटकवा आणि दोन-तीन दिवस उन्हात, दवात राहू द्या. ढिली पडली की परत ताणा. ती जेवढी लांबायची तेवढी लांबू द्या. त्यानंतरच पोलादी टेप लावून तेहतीस फुटांवर दोन्हीकडे खूण करा. मध्ये दर तीन फुटांवर रंगीत चिंधी ओवा. अकरा भाग होतील.

एवढी काटेकोरी कशाला, असं वाटेल. हिशोब ऐका. समजा एक शेत तीनशे तीस फूट लांब आणि दोनशे चौसष्ट फूट रुंद आहे. बरोबर दोरी लांबीला दहा वेळा पडेल, रुंदीला आठ वेळा. ऐंशी गुंठे, म्हणजे दोन एकर. आता कच्च्या पिळाची दोरी घ्या. ती ओढल्यावर फक्त एक फूट लांबली, चौतीस फुटांची झाली. आपण तिला तेहतीसच समजतोय. ती लांबीला दहा वेळा पडणार नाही, पावणेदहाच्याही आत राहील. गुणाकार केला तर पंचाहत्तर गुंठ्यांच्या आसपास येतो. साडेचार गुंठे गेले! कुणी चोरले नाहीत, आपल्याच दोरीने खाल्ले. आणि उलटं झालं, दोरी दवाने आखडून बत्तीस फुटांची झाली, तर पंच्याऐंशी गुंठे दिसतील. मग यंत्र घेऊन आलेला साहेब म्हणेल, "बघा, हे लोक वाढवून सांगतात." एका शेताचा आकडा खोटा पडला की गावाच्या सगळ्या दाव्यांकडे संशयाने बघायला त्यांना निमित्त मिळतं. म्हणून सुतळी कातणाऱ्याच्या बोटात एकसारखेपणा लागतो. तिथली ढिलाई शेवटी शेतावर निघते.

मोजताना हे नियम पाळा. दव उडाल्यावरच सुरुवात करा. सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर दोरीला टेप लावा, दोन्ही वेळचं माप वहीत लिहा. कुणी विचारलं तर वही दाखवता येते. दहा काड्या बरोबर घ्या. दोरी पडली की पुढचा माणूस एक काडी रोवेल, मागचा ती उचलत येईल. मागच्याच्या हातात जितक्या काड्या तितक्या दोऱ्या. तोंडी मोजणी विसरते, काडी विसरत नाही.

आपली शेतं उताराची. उतारावर दोरी जमिनीला टेकवून टाकली तर लांबी जास्त भरते. नकाशा आणि यंत्र मात्र सपाट लांबी धरतात. म्हणून दोरी आडवी, सपाट धरायची. खालच्या बाजूच्या माणसाने दोरी उंच धरावी आणि टोकाला दोऱ्याने दगड लटकवावा, दगड जिथे टेकेल तिथे काडी. उतार फार असेल तर अर्ध्या दोरीने, पायरी पायरीने उतरा. शेत वाकडं असेल तर त्याचे चौकोन, त्रिकोण पाडायचे. ते कागदावर काढणं शिकलेल्या पोरापोरींचं काम. दोरी ओढायला मात्र सगळ्यांनी यायचं.

सगळ्यांनी म्हणजे बायांनीसुद्धा. हक्काचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा, असं कायद्यात लिहिलंय. मग दोरीचं एक टोक घरच्या बाईच्या हातात असू दे. नाला कुठून वळवला, दगडांची ताल कुणी रचली, निंदणीला कोपरा कुठपर्यंत जातो, हे तिला माहीत असतं. जिथे एकटी बाई शेत कसते, तिथे समितीने आधी जायचं. तिचा आकडा बुडवायला सगळ्यात सोपा असतो.

आता शेवटची गोष्ट. आमच्या मते या सगळ्या कामातली ती सगळ्यात मोठी आहे. मीटिंग बोलावली की म्हातारी माणसं येत नाहीत. आली तरी मागे बसतात. अर्ज, पुरावा, कलम, हे शब्द ऐकले की गप्प होतात. पण कातायला शिकवा म्हटल्यावर ती रोज संध्याकाळी यायला लागली, कारण इथे शिकवणारी ती होती आणि शिकणारे आम्ही. हात वाखात गुंतले की तोंड मोकळं होतं. कुणाच्या बापाने कुठला उतार साफ केला, कुठल्या दुष्काळात, नाकेदार कधी आला, कोंबडी किती नेली, दंड किती घेतला, पावती दिली की नाही, हे सगळं ढेरा फिरता फिरता बाहेर आलं. एका आजीने सांगितलं की दंडाची पावती तिने पत्र्याच्या पेटीत देवाच्या वस्तूंबरोबर ठेवलीय. घरच्यांनाही ते माहीत नव्हतं.

दंडाची पावती हा पुरावा आहे. आपण कसत होतो, हे त्यांच्याच कागदावर लिहिलेलं असतं. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाने दिलेला जबाब लिहून घेतला, तर नियमांप्रमाणे तोही पुरावा धरला जातो. फक्त ते म्हातारं माणूस दावेदार नको. बांध, ताली, झोपडी, सपाट केलेली जमीन, हेही पुराव्यात येतं. म्हणून आम्ही आता कातायला बसताना एक वही मध्ये ठेवतो. जो लिहू शकतो तो त्या रात्री कातत नाही, तो लिहितो. सांगणाऱ्याला परत वाचून दाखवतो आणि अंगठा घेतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. अंबाडीच्या दोरीने जमीन नावावर होत नाही. वरच्या समितीसमोर साहेबाचं यंत्र येणार, त्यांचा नकाशा येणार. पण तेव्हा त्यांच्या आकड्याशेजारी आपलाही आकडा पाहिजे. फरक फार पडला तर ग्रामसभा ठरावात लिहू शकते की परत मोजा, आमच्यासमोर मोजा. दावा नाकारला किंवा कमी केला तर साठ दिवसांच्या आत वर दाद मागता येते. त्या अर्जात "आमची जमीन जास्त आहे" एवढंच लिहून चालत नाही. किती जास्त, कुठल्या बाजूला, कुणी मोजली, कुठल्या दिवशी, हे लिहावं लागतं. ते लिहायची तयारी आजपासून.

म्हणून ठरवून उठायचं. प्रत्येक पाड्याने दोन ढेरे करायचे. शिकवणारं एक म्हातारं माणूस आणि शिकणारे चार जण, त्यात दोन मुली, यांची नावं आजच द्यायची. आठ दिवसांत दोरी वळायची, मग ती ताणायला बांधायची. टेप संघटनेकडे एकच आहे, तो पाड्यापाड्यांवर फिरेल. जे ऊसतोडीला जाणार आहेत त्यांची शेतं आधी मोजायची. होळीच्या आधी प्रत्येक पाड्याची वही पूर्ण झाली पाहिजे. आणि येत्या पावसात बांधावर अंबाडी थोडी जास्त पेरा. दोरी झिजते, पुढच्या वर्षी नवी लागेल.

भाषण पुरे. पाच-पाच जण गोल करून बसा. प्रत्येक गोलात एक आजी किंवा आजा पाहिजे. वाख आधी विंचरा, मग ढेऱ्याला हात लावा.

जिंदाबाद!